बाहुल्या सारख्याच दिसतात, तरी दृष्टीची नस आजारी असू शकते: झोत फिरवून करायची तपासणी

प्रश्न एका ऑप्टोमेट्रीच्या विद्यार्थिनीचा आहे. २९ वर्षांच्या रुग्णाला ४ दिवसांपासून डाव्या डोळ्याने धूसर दिसतं, डोळा फिरवला की आत दुखतं. दृष्टी उजवीकडे ६/६, डावीकडे ६/३६, पिनहोलने (बारीक छिद्रातून पाहून) फरक नाही. दोन्ही बाहुल्या सारख्या आकाराच्या होत्या, टॉर्च मारल्यावर दोन्ही आकसल्या, म्हणून तिने 'बाहुल्या नॉर्मल' अशी नोंद केली आणि बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले. रेटिना, म्हणजे डोळ्याच्या मागचा पडदा, स्वच्छ निघाला, ऑप्टिक डिस्क, म्हणजे दृष्टीच्या नसेचं डोळ्यात दिसणारं टोक, तीही चांगली दिसली. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनी थेंबांशिवाय तपासलं तर डाव्या डोळ्यात आरएपीडी, म्हणजे बाहुलीच्या प्रतिक्रियेतला तुलनात्मक अंतर्गामी दोष, स्पष्ट होता. ती विचारते: दोन्ही बाहुल्या आकसत होत्या हे मी स्वतः पाहिलं, मग माझ्या नजरेतून सुटलं काय?

तुमची तुलना राहून गेली. बाहुल्यांचे आकार पाहिलेत आणि प्रत्येक डोळ्यावर एकदा प्रकाश टाकून आकुंचन पाहिलंत, हे दोन्ही करायलाच हवं. पण दृष्टीची नस, म्हणजे ऑप्टिक नर्व्ह, अर्धीमुर्धी आजारी असेल तर तिच्या बाजूची बाहुलीसुद्धा टॉर्चला आकसते. ती थोडी कमी आणि थोडी सावकाश आकसते, एवढंच. तेवढा फरक एकेका डोळ्याला सुटं पाहून कळत नाही. झोत लगोलग इकडून तिकडे नेला, की तोच फरक ठळक होऊन समोर येतो.

असं का होतं, ते एकदा नीट समजून घ्या. मग तपासणीतली निम्मी गोंधळाची ठिकाणं आपोआप सुटतात. रेटिनात पडलेल्या प्रकाशाची बातमी ऑप्टिक नर्व्हमधल्या सुमारे १० ते १२ लाख तंतूंमधून मागे जाते. कायझममध्ये, म्हणजे दोन्ही नर्व्ह जिथे भेटतात तिथे, निम्म्याहून थोडे जास्त तंतू पलीकडच्या बाजूला जातात. पुढे ऑप्टिक ट्रॅक्टमधून जाताना बाहुलीची बातमी नेणारे तंतू लॅटरल जेनिक्युलेट बॉडीच्या (दृष्टीची बातमी मेंदूच्या मागच्या भागाकडे पाठवणाऱ्या थांब्याच्या) आधीच वेगळे होतात आणि मध्यमेंदूच्या वरच्या भागातल्या प्रीटेक्टल केंद्रात पोचतात. इथून प्रत्येक बाजूचं केंद्र दोन्हीकडच्या एडिंगर-वेस्टफाल केंद्रांना आदेश देतं. तिथून तिसरी क्रेनियल नर्व्ह, मग डोळ्यामागचं सिलियरी गँग्लियन, आणि शेवटी बाहुली आवळणारा स्नायू. थोडक्यात, बातमी एका डोळ्यातून आत गेली तरी बाहेर येणारा आदेश दोन्ही डोळ्यांना जवळपास सारखाच मिळतो.

यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही पक्क्या लक्षात ठेवायच्या. पहिली: एका बाजूची ऑप्टिक नर्व्ह कितीही बिघडली तरी बाहुल्यांचे आकार असमान होत नाहीत, कारण दोन्ही बाहुल्या एकाच एकत्रित हिशेबावर चालतात. एक डोळा पूर्ण आंधळा असला तरी दोन्ही डोळे उघडे असताना बाहुल्या सारख्याच दिसतात. आकारात फरक दिसला तर कारण बाहेर जाणाऱ्या वाटेवर शोधायचं: तिसरी नर्व्ह, बाहुली मोठी करणारी सिंपथेटिक साखळी, आयरिसचा (बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याचा) स्नायू, किंवा कुणीतरी घातलेले थेंब. दुसरी: आजारी डोळ्यावर प्रकाश असताना फक्त त्याचीच नव्हे, दोन्ही बाहुल्या कमी आकसतात. म्हणून ही तपासणी एका बाहुलीकडे पाहूनही करता येते. तो मुद्दा पुढे कामाला येईल.

या चिन्हाला मार्कस गन बाहुली हे नाव स्कॉटिश नेत्रतज्ज्ञ रॉबर्ट मार्कस गन यांच्यावरून पडलं. आज आपण वापरतो ती झोत फिरवण्याची पद्धत मात्र पॉल लेव्हाटिन यांनी १९५९ साली मांडली. गन एकाच डोळ्यावर प्रकाश धरून ठेवत आणि बाहुली हळूहळू सैल पडते का ते पाहत. निरोगी डोळ्यातसुद्धा थोडं सैल पडणं होतं, त्यामुळे त्या रीतीने निर्णय देणं अवघड जाई. दोन डोळ्यांची ताबडतोब तुलना सुरू झाली आणि तपासणी विश्वासाची झाली.

आता कृती. खोली मंद प्रकाशात हवी, पूर्ण काळोखी नको. उजेडात बाहुल्या आधीच लहान असतात आणि हालचालीला जागाच उरत नाही. रुग्णाला समोर दूर पाहायला सांगा, ३ मीटरपलीकडच्या एखाद्या ठळक खुणेकडे, आणि स्वतः त्या नजरेच्या रेषेत उभे राहू नका. रुग्णाने तुमच्या चेहऱ्याकडे किंवा टॉर्चकडे पाहिलं की जवळच्या नजरेमुळे बाहुल्या आकसतात आणि सगळा खेळ बिघडतो. लहान मुलांमध्ये ही अडचण सर्वात मोठी. तिथे दूरवर हलतं चित्र लावलं तर काम सोपं होतं.

प्रकाश तेजस्वी आणि एका डोळ्यापुरता मर्यादित हवा. इनडायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोपचा दिवा किंवा पूर्ण चार्ज असलेला ट्रान्सइल्युमिनेटर उत्तम. बॅटरी उतरलेला पेनटॉर्च हे आरएपीडी हुकण्याचं फार साधं आणि फार नेहमीचं कारण आहे. उलट टोकाला, डोळे दिपवणारा झोत बराच वेळ धरला तर बाहुल्या घट्ट आकसून तशाच राहतात आणि सौम्य फरक झाकला जातो. मोबाइलचा दिवा तेजस्वी असतो, पण त्याचा प्रकाश पसरतो आणि दुसऱ्या डोळ्यातही शिरतो. दुसरं साधन नसेल तर तो जवळ धरा आणि नाकाच्या मध्यरेषेवर हाताची आडवी भिंत करा.

झोत थोडा खालून, दोन्ही डोळ्यांना सारख्याच कोनातून आणि सारख्याच अंतरावरून द्या. एका डोळ्यावर २ ते ३ सेकंद थांबा. मग नाकाच्या पुलावरून चटकन, १ सेकंदाच्या आत, दुसऱ्यावर जा. तिथेही तेवढेच २ ते ३ सेकंद. असं सलग ४–५ वेळा करा. दोन्ही बाजूंना सारखा वेळ मिळतोय ना, याची खात्री मनात आकडे मोजून करा. एका डोळ्यावर जास्त रेंगाळलात तर त्याचा रेटिना जास्त दिपतो आणि तुम्हीच तिथे खोटा आरएपीडी निर्माण करता. संशयित डोळ्यावर नकळत जास्त वेळ थांबायची सवय नवख्यांना असते. ती जाणीवपूर्वक मोडायला हवी.

गडद तपकिरी आयरिसमध्ये मंद उजेडात बाहुलीची कड दिसतच नाही, ही तक्रार खरी आहे. अशा वेळी हनुवटीच्या खालून दुसरा एक मंद दिवा तिरका धरा, फक्त कड दिसण्यापुरता आणि दोन्ही डोळ्यांवर सारखा. इन्फ्रारेड कॅमेरा किंवा प्युपिलोमीटर असेल तर प्रश्नच मिटतो, पण त्यावाचून काम अडत नाही.

पाहायचं काय? प्रकाश डोळ्यावर पडल्यानंतर साधारण पाव सेकंदात होणारी पहिली हालचाल. तिच्याकडेच लक्ष ठेवा. दोन्ही नर्व्ह निरोगी असतील तर झोत इकडून तिकडे नेल्यावर बाहुली किंचित आकसते, मग थोडी सैल होते, आणि दोन्ही बाजूंना हा क्रम सारखाच दिसतो. एका बाजूची नर्व्ह आजारी असेल तर झोत त्या डोळ्यावर आल्यावर बाहुली आकसण्याऐवजी मोठी होते. मेंदूच्या दृष्टीने जणू दिवा मंदावला, म्हणून तो दोन्ही बाहुल्या सैल सोडतो. झोत परत चांगल्या डोळ्यावर गेला की दोन्ही ठसठशीत आकसतात.

दोष सौम्य असताना चित्र इतकं उघड नसतं. आजारी बाजूला सुरुवातीचं आकुंचन होतं, पण दुबळं, आणि मागोमाग होणारं सैल पडणं चांगल्या बाजूपेक्षा जास्त. याला पहिली पायरी समजा. आकुंचनच नाही, बाहुली क्षणभर जागच्या जागी थबकते आणि मग मोठी होते, ही दुसरी. झोत पडताच थेट मोठी होणं ही तिसरी. चौथीत चांगल्या डोळ्यावर ६ सेकंद प्रकाश धरून मग झोत हलवला तरी आजारी बाजूची बाहुली आकसत नाही, मोठीच होत जाते. आजारी डोळ्याने कितीही प्रकाश घेतला तरी दोन्ही बाहुल्या ढिम्म राहत असतील तर त्या डोळ्यातून बातमी अजिबात जात नाही. तो अमॉरोटिक डोळा. तुमच्या रुग्णाचा दोष पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीचा असावा, म्हणूनच सुट्या तपासणीत आकुंचन दिसलं.

सतत होणारी बाहुलीची बारीक थरथर, म्हणजे हिप्पस, तरुण रुग्णांत भरपूर असते आणि ती दोषासारखी भासते. एका फेरीवर निर्णय देऊ नका. थरथर कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला दिसते. खरा आरएपीडी प्रत्येक फेरीत त्याच डोळ्यात दिसतो.

नोंदीत 'थोडासा आरएपीडी' लिहिण्याऐवजी त्याचं माप घेता आलं तर फार बरं. त्यासाठी न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर, म्हणजे प्रकाश ठरावीक पटीने कमी करणाऱ्या करड्या काचा, असतात, ०.३ लॉग युनिटच्या (प्रकाश किती पटीने घटला ते मोजायच्या एककाच्या) टप्प्यांत. आयोवा विद्यापीठातील स्टॅन्ली थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रीत १९८१ मध्ये नीट बसवून दिली. फिल्टर चांगल्या डोळ्यासमोर धरायचा आणि तपासणी पुन्हा करायची. ०.३ चा फिल्टर निम्मा प्रकाश अडवतो, ०.६ चा पाऊणभाग अडवून एक चतुर्थांश आत सोडतो, ०.९ चा जेमतेम आठवा हिस्सा, १.२ चा सोळावा. ज्या फिल्टरवर दोन्ही बाजू सारख्या वागू लागतात ते आरएपीडीचं माप. फिल्टरचा आणखी एक उपयोग कमी लोक करतात: शंका असेल तर ०.३ चा फिल्टर आधी एका डोळ्यासमोर, मग दुसऱ्यासमोर धरा. खरोखर समतोल असेल तर दोन्ही वेळा सारखाच छोटा दोष उमटेल. छुपा दोष असेल तर एका बाजूला तो ठळक होईल आणि दुसऱ्या बाजूला मिटेल. सौम्य ऑप्टिक न्यूरायटिस, म्हणजे नर्व्हची सूज, पकडायला यापेक्षा चांगली युक्ती नाही. मात्र ०.३ पर्यंतचा फरक काही निरोगी लोकांतही सापडतो, तेव्हा एवढ्या छोट्या आकड्यावर एकट्याच्या भरवशावर निदान उभं करू नये.

आता तुमच्या नोंदीतली दुसरी चूक, आणि ती पहिलीपेक्षा गंभीर: थेंब आधी आणि वरिष्ठांची तपासणी नंतर. ट्रॉपिकामाइडचा परिणाम ४ ते ६ तास टिकतो, सायक्लोपेंटोलेटचा दिवसभर, ॲट्रोपिनचा एक-दोन आठवडे. बाहुल्या एकदा मोठ्या केल्या की तेवढ्या काळासाठी ऑप्टिक नर्व्हबद्दलचा सर्वात स्वस्त आणि वस्तुनिष्ठ पुरावा तुम्ही पुसून टाकलात. दृष्टी, बाहुल्या, रंग, फील्ड (नजरेचं क्षेत्र) हे सगळं थेंबांच्या आधी. हा क्रम कितीही गर्दी असली तरी मोडायचा नाही. पट्टीबाबतही तेच. एक डोळा बराच वेळ पट्टीखाली झाकलेला असेल तर त्याचा रेटिना अंधाराला सरावतो, प्रकाशाला जास्त जोरात प्रतिसाद देतो आणि दुसऱ्या, निरोगी डोळ्यात खोटा आरएपीडी दिसतो. पट्टी काढून १०–१५ मिनिटं दोन्ही डोळे उजेडात ठेवा, मग तपासा.

एक बाहुली मुळातच हलत नसेल तर काय? मार बसून स्नायू फाटलेला, आयरिस लेन्सला चिकटलेला, तिसऱ्या नर्व्हचा लकवा, किंवा कोणी घातलेला ॲट्रोपिनचा थेंब. अशा वेळी मघाचा मुद्दा वापरा. दोन्ही डोळ्यांना आदेश सारखाच जातो, त्यामुळे हलणाऱ्या एकाच बाहुलीकडे पाहत राहा आणि झोत मात्र नेहमीसारखा दोन्ही डोळ्यांवर फिरवा. समजा उजवी बाहुली जखमेमुळे ठप्प आहे. झोत डाव्या डोळ्यावर असताना डावी बाहुली आकसते, आणि झोत उजवीकडे नेताच तीच डावी बाहुली मोठी होते: दोष उजव्या नर्व्हमध्ये. अपघात विभागात ही रीत येणं अत्यावश्यक आहे, कारण तिथे एक बाहुली बिघडलेली असणं रोजचंच. आणखी एक काळजी: बाहुल्यांच्या आकारात २ मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर लहान बाहुलीतून प्रकाश कमी शिरतो आणि त्या बाजूला दोष असल्याचा भास होऊ शकतो.

आरएपीडी सापडला म्हणजे 'ऑप्टिक नर्व्ह' असं लगेच म्हणायचं का? बहुतेकदा हो, पण पूर्ण रेटिनाही आधी नजरेखालून घाला. रेटिना मोठ्या प्रमाणावर सुटलेला असेल, रेटिनाची मुख्य रोहिणी बंद पडली असेल, किंवा मुख्य शिरेच्या अडथळ्यात रेटिनाला रक्तपुरवठाच तुटपुंजा झाला असेल तर जोरदार आरएपीडी येतो. शिरेच्या अडथळ्यात तर ०.९ लॉग युनिटहून जास्त माप आलं की रक्तपुरवठा तुटलेला प्रकार समजून पुढची पावलं टाकतात. या सगळ्यांत रेटिनात उघड काहीतरी दिसतं. रेटिना स्वच्छ आणि आरएपीडी स्पष्ट, तर दोष नर्व्हमध्ये.

मॅक्युलाचा, म्हणजे रेटिनाच्या मधल्या, बारीक पाहणाऱ्या भागाचा आजार फसवतो. मॅक्युला बिघडली तर दृष्टी ६/६० पर्यंत उतरते, पण बाहुलीची बातमी पूर्ण रेटिनातून येत असल्याने आरएपीडी नसतो किंवा जेमतेम असतो. ऑप्टिक न्यूरायटिसमध्ये उलट: दृष्टी ६/९ आणि आरएपीडी मात्र ठसठशीत, हे अगदी शक्य आहे. दृष्टी आणि बाहुली यांचं प्रमाण जुळत नसेल तर ते प्रमाणच निदानाकडे नेतं. आळशी डोळ्यातही सौम्य आरएपीडी दिसू शकतो, पण तो नेहमीच छोटा असतो. मोठा दिसला तर 'लहानपणापासूनच असं आहे' या स्पष्टीकरणावर समाधान मानू नका.

मोतीबिंदूने त्याच डोळ्यात आरएपीडी येत नाही. पिकलेला, पांढरा मोतीबिंदू असला तरी प्रकाश विखरून आत पोचतोच. कधी कधी तर पांढऱ्या मोतीबिंदूमुळे समोरच्या डोळ्यातच सौम्य दोष भासतो. म्हणून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी त्याच डोळ्यात आरएपीडी दिसला तर थांबा. मागे नर्व्ह किंवा रेटिना खराब आहे, शस्त्रक्रिया झाली तरी दृष्टी अपेक्षेइतकी येणार नाही, आणि हे रुग्णाला शस्त्रक्रियेच्या आधी सांगायला हवं. नंतर सांगितलं तर त्याला ती शस्त्रक्रियेची चूक वाटते. कॉर्नियावरचा डाग, चष्म्याचा नंबर, यांनीही आरएपीडी येत नाही. एका डोळ्याने काहीच दिसत नाही अशी तक्रार, दुसरा डोळा निरोगी, माध्यमं (कॉर्निया, लेन्स) स्वच्छ आणि आरएपीडी अजिबात नाही, हे सगळं एकत्र जुळत नाही. तिथे दृष्टी नसल्याचं कारण नर्व्हबाहेर शोधायचं.

काचबिंदूत आरएपीडी दिसला तर तो दोन्ही डोळ्यांतील नुकसान असमान असल्याचं सांगतो. एका बाजूचा तंतूंचा थर दुसरीपेक्षा साधारण चतुर्थांशाने पातळ होईपर्यंत तो डोळ्यांना दिसत नाही. पण डोळ्याचा दाब सामान्य, डिस्क खोलगट आणि आरएपीडी मोठा, तर काचबिंदू म्हणून मोकळं होऊ नका. खोलगटपणाच्या मानाने डिस्कची उरलेली कड फिकट असेल तर मागून नर्व्हवर दाब देणारी गाठ शोधावी लागते.

कायझमच्या मागचे दोषही इथे बोलतात. ऑप्टिक ट्रॅक्ट बिघडला की दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूचं अर्धं फील्ड जातं, आणि दोषाच्या विरुद्ध बाजूच्या डोळ्यात सौम्य आरएपीडी येतो, कारण त्या डोळ्याकडून ओलांडून आलेले तंतू संख्येने जास्त असतात. प्रीटेक्टल भागातल्या दोषात तर दृष्टी, रंग आणि फील्ड अगदी चांगली असूनही विरुद्ध डोळ्यात आरएपीडी सापडू शकतो. लॅटरल जेनिक्युलेटच्या पलीकडे, मेंदूच्या मागच्या भागात, रूढ नियमानुसार बाहुल्या ठीक राहतात.

आता ज्या ठिकाणी जाणकारसुद्धा चुकतात ते. आरएपीडीमधला 'आर' म्हणजे रिलेटिव्ह, तुलनेतला. दोन्ही नर्व्ह सारख्याच बिघडल्या असतील तर आरएपीडी नसतो. इथॅम्ब्युटॉल या क्षयरोगाच्या औषधाने होणारी नर्व्हची इजा, मिथेनॉलची विषबाधा, बी-१२ ची कमतरता, थायरॉइडच्या डोळ्याच्या आजारात दोन्ही बाजूंना नर्व्हवर येणारा दाब, दोन्ही डोळ्यांची सारखी ऑप्टिक ॲट्रोफी (नर्व्ह सुकणं): या सगळ्यांत झोत फिरवून काहीच सापडणार नाही आणि रुग्ण मात्र रंग ओळखू शकत नसेल. अशा वेळी दोन्ही बाहुल्यांचा प्रकाशाला मिळणारा प्रतिसाद मुळातच मंद आहे का ते पाहा, आणि तो मंद असेल तर जवळच्या वस्तूकडे पाहायला सांगून तुलना करा. प्रकाशाला मंद पण जवळ पाहताना चांगल्या आकसणाऱ्या बाहुल्या दोन्हीकडची बातमी कमी पोचत असल्याचं सांगू शकतात. लेबरच्या आनुवंशिक ऑप्टिक न्यूरोपथीत आणखी एक विशेष: मेलॅनोप्सिन असलेल्या ज्या पेशी बाहुलीला प्रकाशाची खबर देतात त्या बऱ्याच प्रमाणात वाचतात. त्यामुळे दृष्टी फार गेलेली असूनही बाहुल्या बऱ्यापैकी चालतात. तरुण मुलाची दृष्टी गेली आहे आणि बाहुल्या चांगल्या आहेत एवढ्यावरून 'तो नाटक करतोय' असं कधीही लिहू नका. 'आरएपीडी नाही' याचा अर्थ 'दोन्ही बाजू सारख्या' एवढाच. 'दोन्ही बाजू निरोगी' असा नव्हे.

डोक्यातल्या वाढलेल्या दाबामुळे सुजलेल्या डिस्कमध्ये सुरुवातीला आरएपीडी नसतो, कारण दोन्ही बाजूंना सूज असते आणि नर्व्हचं काम अजून चालू असतं. एका बाजूला सुजलेली डिस्क आणि त्याच बाजूला आरएपीडी, तर न्यूरायटिस, रक्तपुरवठ्याचा झटका किंवा दाब देणारी गाठ यांचा विचार आधी येतो.

तुमच्या रुग्णाकडे वळू. २९ वर्षं, काही दिवसांत उतरलेली दृष्टी, डोळा फिरवताना दुखणं, आरएपीडी, डिस्क सामान्य: हे नमुनेदार रेट्रोबल्बर (डोळ्याच्या मागचं) ऑप्टिक न्यूरायटिस आहे. डिस्क चांगली दिसणं यात अपवाद नाही. साधारण दोन तृतीयांश रुग्णांमध्ये सूज डोळ्याच्या मागे असते आणि पहिल्या दिवसांत डिस्क अगदी स्वच्छ असते. ती फिकट पडायला आठवडे लागतात. म्हणूनच अशा दिवसांत आरएपीडी हा दिसणारा एकमेव पुरावा असतो. सोबत रंग ओळखण्याचे इशिहारा तक्ते दाखवा. लाल झाकण एकेका डोळ्याला दाखवून 'चांगल्या डोळ्याला जेवढं लाल दिसतं ते १०० गुण, तर या डोळ्याला किती?' असं विचारा. बहुतेक रुग्ण ४० किंवा ६० असा स्पष्ट आकडा सांगतात. फील्ड काढा. मेंदूचा आणि ऑर्बिटचा (डोळ्याच्या खोबणीचा) एमआरआय मागवा, काँट्रास्ट आणि चरबीची चमक दाबणाऱ्या क्रमासह, कारण चरबीच्या चमकेत नर्व्हची सूज लपते. फक्त मेंदूचा एमआरआय मागवला तर ऑर्बिट नीट दिसत नाही. मागणीच्या कागदावर 'ऑर्बिट' हा शब्द लिहा. दोन्ही डोळे एकाच वेळी, दृष्टी खूपच खालावलेली किंवा सुधारणा न होणं, अशा वेळी ॲक्वापोरिन-४ आणि मॉग अँटिबॉडीच्या रक्ततपासण्या लागतात, कारण अशा न्यूरायटिसमागे वेगळा आजार असू शकतो.

उपचाराचा निर्णय न्यूरॉलॉजिस्ट आणि नेत्रतज्ज्ञ मिळून घेतात, पण एक गोष्ट प्रत्येकाला माहीत असायला हवी. ऑप्टिक न्यूरायटिस ट्रीटमेंट ट्रायल या १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४५७ रुग्ण होते. शिरेतून दिलेल्या मेथिलप्रेडनिसोलोनने सुधारणा लवकर आली. अंतिम दृष्टी मात्र उपचार न घेतलेल्यांइतकीच राहिली. नुसत्या तोंडी प्रेडनिसोनने, दर किलो वजनाला १ मिलिग्रॅम या मात्रेत, पुन्हा झटका येण्याचं प्रमाण वाढलं. म्हणून 'तोवर थोड्या गोळ्या सुरू करा' हा सल्ला अशा रुग्णाला देऊ नका.

रुग्णाला आणखी एक गोष्ट सांगून ठेवा: काही आठवड्यांत दृष्टी ६/६ झाली तरी आरएपीडी बहुधा थोडाफार राहतो, रंग किंचित फिके वाटतात, आणि उन्हात किंवा व्यायामानंतर नजर तात्पुरती मंदावू शकते. पुढच्या कुठल्याही तपासणीत कोणी नव्याने आरएपीडी 'शोधला' तर घाबरायचं नाही, आणि आपल्याला पूर्वी न्यूरायटिस झाला होता हे डॉक्टरांना सांगायचं.

पण ५० च्या पुढच्या रुग्णात हाच आरएपीडी वेगळ्या घाईचा असतो. सकाळी उठल्यावर वेदनेशिवाय खालचं किंवा वरचं अर्धं फील्ड गेलेलं, डिस्क सुजलेली: रक्तपुरवठ्याचा झटका. त्यात डोकं दुखणं, केस विंचरताना टाळू दुखणं, चावताना जबडा दुखून थांबावं लागणं यांपैकी काही असेल तर जायंट सेल आर्टरायटिस (डोक्याच्या रोहिण्यांची सूज) समजून त्याच दिवशी ईएसआर आणि सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या मागवा आणि त्याच दिवशी स्टेरॉइड सुरू होईल असं पाहा. टेम्पोरल रोहिणीच्या बायॉप्सीसाठी थांबायचं नाही. तिचे बदल स्टेरॉइड सुरू केल्यावरही काही दिवस टिकतात. दुसरा डोळा काही दिवसांत जाऊ शकतो.

मार लागलेल्या रुग्णात डिस्क सामान्य आणि आरएपीडी स्पष्ट असेल तर नर्व्हला इजा आहे. डिस्क फिकट पडायला ३ ते ६ आठवडे लागतात, तोवर बाहुलीच काय ती साक्ष. डोळा पुढे आलेला, दगडासारखा घट्ट, हलत नाही आणि आरएपीडी आहे, तर मागे रक्त साठून नर्व्ह आवळली जातेय. इथे सीटी स्कॅनची वाट पाहायची नाही. पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्यावर कॅन्थॉटॉमी (छोटा छेद) करून खालचा कॅन्थल टेंडन (पापणीला हाडाशी बांधणारा पट्टा) मोकळा करायचा असतो, आणि त्यासाठी हातात जेमतेम दीड तास असतो. बेशुद्ध रुग्ण बोलत नाही, पण त्याच्या बाहुल्या बोलतात. अपघात विभागात प्रत्येक नर्सला आणि निवासी डॉक्टरला झोत फिरवता यायला हवा.

पुढच्या वेळी नोंद अशी लिहा: मंद उजेडात आणि प्रखर उजेडात दोन्ही बाहुल्यांचे आकार मिलिमीटरमध्ये, प्रकाशाला प्रतिसाद कसा, जलद की मंद, आरएपीडी आहे की नाही, कोणत्या डोळ्यात, कोणत्या पायरीचा किंवा किती लॉग युनिटचा, तपासणी थेंबांआधी झाली त्याची वेळ. आणि ज्या दिवशी बाहुल्या तपासल्याच नाहीत, त्या दिवशी 'नॉर्मल' न लिहिता 'तपासल्या नाहीत' असं लिहा, म्हणजे पुढचा माणूस थेंब घालण्याआधी टॉर्च उचलेल.